न पडलेली इमारत

साळवे मॅडमना जिन्यात गाठून लोक नेहमी एकच प्रश्न विचारायचे. "मॅडम, आपल्यासारखं घर किती वर्षं टिकतं हो?"

मॅडम मधल्या वळणावर दम घेत उभ्या असायच्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असायचा, म्हणजे तो निर्धास्त होऊन घरी जाणार. मॅडम उलट विचारायच्या, "गच्चीवरची टाकी वाहायला लागली की मोटर कोण बंद करतं?"

समोरचा गोंधळायचा.

"तुमच्या वरच्यांच्या बाथरूमची गळती निघाली का? मागच्या पाइपाला पिंपळ उगवलाय, तो कुणी उपटला का?"

"नाही, ते सोसायटीचं काम ना..."

"मग मला कशाला विचारता?" असं म्हणून त्या उरलेल्या पायऱ्या चढायला लागायच्या. आवाजात राग नसायचा. पुष्कळ वर्षं एकच गोष्ट सांगत आलेल्या माणसाचा तो आवाज होता.

नाशिकच्या जेलरोडची आमची 'स्नेहल' सोसायटी म्हणजे चार मजल्यांची, बिनलिफ्टची साधी इमारत. कुणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कुणी शाळेत, कुणी माझ्यासारखं बँकेत. सगळ्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेली घरं. मॅडम दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली. त्यांच्याकडे वाटी पडली तरी मला कळायचं. त्या सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर होत्या. नोकरीभर जिल्ह्यातल्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या तपासत फिरल्या. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून ते सगळ्यांचे 'सर'. सर बोलके, मॅडम अबोल. सर म्हणायचे, "हिला माणसाच्या आधी त्याचं छत दिसतं."

ते खरंच होतं. माझ्या मुलीच्या बारशाला मॅडम आल्या, पाळण्याजवळ उभ्या राहिल्या आणि मान वर करून कोपऱ्यातला ओलसर डाग बघत बसल्या. माझ्या सासूबाईंना वाटलं, बाईंना मुलगी झालेली आवडली नाही. मी कसनुशी झाले. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "वैशाली, हा डाग माझ्याच मोरीचा आहे. उद्या सकाळी माणूस बोलावते." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची फरशी फोडून घेतली. आठवडाभर दोघं नवराबायको आंघोळीला आमच्याकडे खाली येत होते. आपल्या गळतीची कबुली आपण होऊन देणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलं नाही.

घर विकत घ्यायचं असलं की ओळखीचे लोक त्यांना बरोबर न्यायचे. दलालांना त्या बिलकुल आवडायच्या नाहीत. माझ्या भावाने इंदिरानगरला एक फ्लॅट बघितला होता. हॉल मोठा, खिडकीतून लांबवर डोंगर, वहिनी तर मनातल्या मनात पडदे लावून मोकळी झालेली. मॅडमनी ना हॉल बघितला, ना डोंगर. बाथरूममध्ये नळ सोडला, तो वाहता ठेवला आणि सरळ खालच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवली. तिथल्या बाईंनी त्यांना आत घेतलं, चहा केला. आम्ही वर ताटकळत उभे. अर्ध्या तासाने मॅडम वर आल्या, नळ बंद केला आणि भावाला म्हणाल्या, "घेऊ नका."

"का? काय दिसलं?"

"खालची बाई दरवर्षी छताला रंग लावते. यंदा तिने लावला नाही. दमली ती."

भावाने तो फ्लॅट घेतला नाही. दलाल मात्र जाताना म्हणाला, "मॅडम, अशानं नाशिकमध्ये एक घर विकलं जायचं नाही." मॅडम "खरंय" म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

काँक्रीटबद्दल त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "सुरुवातीचे दिवस त्याला भरपूर पाणी पाजायचं आणि मग जन्मभर पाण्यापासून जपायचं. लोक नेमकं उलटं करतात." आमची इमारत टंचाईच्या उन्हाळ्यात उभी राहिली होती. बांधणाऱ्याने स्लॅबवर पाणी मारण्यात कंजुषी केली, हे जुने सभासद हसत हसत सांगायचे, आपण कसं घाईत घर मिळवलं या कौतुकात.  मॅडम घर घ्यायला आल्या तेव्हा इमारत रंगवून तयार होती. "मला तेव्हा कळलं नसेल असं नाही," त्या एकदा म्हणाल्या, "पण परवडणारं तेवढंच होतं. शिवाय आम्हाला घर द्यायला दोन ठिकाणी नकार मिळालेला. आडनाव विचारून. इथल्यांनी विचारलं नाही."

एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

नोकरीतल्या गोष्टी त्या फारशा सांगत नसत. सांगितल्याच तर त्यांत त्यांचा विजय नसायचा. नांदगावकडच्या एका खेड्यातली शाळा त्यांनी तरुणपणी तपासली होती. एका वर्गाच्या तुळईला तडा गेलेला. मॅडमनी खोली बंद करायला लावली. पोरं पत्र्याच्या शेडमध्ये बसायला लागली. तिकडचा उन्हाळा म्हणजे भाजून काढणारा. दोन-तीन वर्षांनी मॅडम पुन्हा त्या गावात गेल्या. खोली तशीच उभी, दाराला कुलूप. एका पोराची आई वाटेत आडवी आली. "बाई, तुमी म्हनला व्हता पडंल. ती तर उभीच हाय. माजं पोर मातर उन्हात बसून लय आजारी पडलं."

"मग काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मूल आजारी पडलं हे खरं होतं. खोली पडली नाही हेही खरं होतं." मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरचं बरं असतं, वैशाली. ताप उतरला की लोकांना कळतं. आमचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. आणि काही घडलं नाही की आम्ही खोटे ठरतो."

मालेगावचा एक किस्सा मात्र त्या अधूनमधून काढायच्या. निवृत्तीनंतर कुणाच्या ओळखीने त्या एका विणकराचं घर बघायला गेल्या होत्या. माणूस मोठा अदबशीर. खाली कुटुंब, वर यंत्रमाग. माग चालू झाला की खालच्या फळीवरचे ग्लास नाचायचे. भिंतीत तिरक्या भेगा पडलेल्या. मॅडमनी सांगितलं, माग खाली आणा, नाहीतर हे घर फार दिवस काढणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, खाली आणला तर आम्ही राहायचं कुठं? और बंद किया तो खायचं काय? लूम थांबली आणि घर उभं राहिलं, त्या घराचं मी करू काय?"

 मॅडमनी भिंतीला टेकू कुठे द्यायचे, ते खुणा करून दाखवलं आणि त्या परतल्या. "तेव्हापासून मी आधी विचारते," त्या म्हणायच्या, "घरात कोण कोण आहे. नंतर भिंती बघते."

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आयुष्यभर बोललेला माणूस, चार-दोन शब्दांवर आला. पलंग खिडकीशी सरकवला. तिथून त्यांना समोरचं मैदान दिसायचं, शाळेची मुलं दिसायची. डाव्या हाताने ते कागदावर काहीतरी रेघा मारत. मॅडम दिवसभर त्यांच्यापाशी. जिना उतरणं दूध-भाजीपुरतं राहिलं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा छज्जा सुटून खाली पार्किंगमध्ये पडला. एका स्कूटरची सीट फाटली, कुणाला लागलं नाही. पण तुकडा उचलायला गेलो तर आतली सळई हातात भुकटी होऊन आली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडले आणि रविवारी गच्चीवर मीटिंग बसली. सगळ्यांचा एकच ठराव, साळवे मॅडम घरच्याच आहेत, त्यांनी बघावं.

मॅडम म्हणाल्या, "मी बघेन. पण मी इथेच राहते. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. बाहेरचा माणूस आणा."

बाहेरचे लोक आले. हातोड्या मारून, खांबांना भोकं पाडून गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खालचे खांब आतून गंजलेत, डागडुजीच्या पलीकडे गेलंय, इमारत रिकामी करावी. पुन्हा मीटिंग बसली. सगळे मॅडमकडे बघायला लागले. बाहेरच्यांनी सांगितलेलं मॅडम जरा मऊ करून सांगतील, अशी सगळ्यांची आशा होती. माझीही होती.

मॅडम उठून उभ्या राहिल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. जायला हवं."

तळमजल्यावरच्या बोरसेकाकांचा तोल सुटला. बोरसेकाका वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. हॉल मोठा करायला त्यांनी मधली भिंत काढलेली, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी तेव्हा दारात जाऊन सांगितलं होतं, काढू नका म्हणून. ते ओरडले, "तुम्ही बिल्डरला मिळालेल्या आहात! नवीन टॉवर पाहिजे तुम्हाला!" मग भान हरपून गावच्या बोलीत शिरले. "हाई घर मनं शे! हे घर माझं आहे! मी कुठंच जाणार नाही!"

कुणी त्यांना आवरलं नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांच्या मनातलंच ते बोलत होते. मॅडम ऐकून घेत होत्या. त्यांचं बोलणं थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, "बोरसेसाहेब, तुमचं घर तुमचंच आहे. मी माझं सांगते. आम्ही पंधरवड्यात निघतो."

आणि त्या निघाल्या. सगळ्यांत आधी. ज्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस, ज्यांना हलणं सगळ्यांत अवघड, तेच घर पहिलं रिकामं झालं. मी त्यांना म्हटलं, "थोडं थांबा ना. सगळे निघतील तेव्हा निघा."

"मी थांबले तर कोण निघेल?"

सरांना खुर्चीत बसवून, पट्ट्याने बांधून चार जणांनी जिन्यातून खाली उतरवलं. मॅडम एक पायरी पुढे, उलट्या, सरांचे पाय धरून. सर डाव्या हाताने कठडा पकडत होते आणि दर वळणावर त्यांची बोटं सोडवावी लागत होती. "घर," ते म्हणत होते. "घर. घर." बोरसेकाकांचं दार उघडं होतं. ते आत बसून सगळं बघत होते. बाहेर आले नाहीत.

जवळच्याच उपनगर नावाच्या भागात तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. खिडकीतून समोरच्या कंपाउंडची भिंत. मी बँकेतून येताना वाकडी वाट करून तिकडे जायची. सरांनी कागद-पेन्सिल मागणं बंद केलं होतं. संध्याकाळ झाली की ते मॅडमचा पदर ओढून म्हणायचे, "घरी." मॅडम म्हणायच्या, "उद्या जाऊ." रोज संध्याकाळी हेच. मी एकदा न राहवून विचारलं, रोज कशाला खोटं सांगता? मॅडम म्हणाल्या, "मी नोकरीभर लोकांना खरं सांगितलं. ह्यांना एकट्यांना खोटं सांगते. चालेल."

पुढचा उन्हाळा यायच्या आत सर गेले.

मॅडम निघाल्यावर इमारतीतली एकेक घर रिकामं होत गेलं होतं. मीही नातेवाइकांच्या जवळ घर बघून निघाले. नोटीस आली, पाणी तोडलं, तेव्हा कुठे बोरसेकाका निघाले, शेवटचे. तोवर इमारतीला काही झालं नव्हतं. एक पूर्ण पावसाळा ती रिकामी उभी राहिली. येता-जाता सगळे मान वर करून बघायचे. भेगा होत्या तेवढ्याच. ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, खाली लिहिलं, 'अजून ठणठणीत!' त्याखाली हसणारे चेहरे आले. मॅडम त्या ग्रुपवर होत्या.

सरांच्या पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जुने शेजारी बहुतेक सगळे आले होते. बुद्धवंदना झाली, भन्तेजी बोलले, जेवणं सुरू झाली. हात धुवायला मागे गेले तर बोरसेकाका कुणाला तरी सांगत होते, "बाईनं माणूस हलवून घालवला. बिल्डिंग तशीच्या तशी उभी आहे." आवाज हळू होता, पण जागा लहान होती. मॅडम पलीकडे पाण्याचे पेले विसळत होत्या. त्यांनी ऐकलं होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

माणसं गेल्यावर मी पेले पुसायला बसले. म्हटलं, "त्यांचं मनावर घेऊ नका."

"का? खोटं कुठे बोलले ते?" मॅडमनी पेला पालथा घातला. "हे त्या खिडकीपाशी आणखी वर्ष-दोन वर्षं राहिलेही असते. मला माहीत नाही. ती इमारतही आणखी दहा वर्षं उभी राहिली असती कदाचित. तेही मला माहीत नाही. मला एवढंच माहीत होतं की रात्री वरच्या मजल्यावर पोरं झोपतात." मग म्हणाल्या, "कंटाळा आला गं, वैशाली. छताकडे बघायचा कंटाळा आला."

त्यानंतर कुणी घर बघायला बोलावलं तर त्या नाही म्हणायला लागल्या. त्यांचा भाऊ नांदगावला होता, त्याच्याकडे कायमचं जायचं ठरलं. सामान बरंचसं वाटून टाकलं. पुढे तिकडेच, झोपेत, त्या गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं.

त्याआधी, त्या नांदगावला निघायच्या आठवड्यातच, इमारत पाडायला मशीन आलं होतं. सकाळी आम्ही जुने रहिवासी मैदानाच्या कडेला जमलो. कुणी न सांगता जमलो. कुणीतरी चहाचा थर्मास आणला होता, कुणी प्लास्टिकच्या खुर्च्या. मॅडमही रिक्षा करून आल्या. बोरसेकाका हातात काठी घेऊन उभे होते. मशीनचा पंजा वरच्या मजल्यावर आपटत होता आणि एका जागी काँक्रीट काही केल्या सुटत नव्हतं. दुसऱ्या बाजूला मात्र अख्खा खांब बिस्किटासारखा ढासळला. आतल्या सळया म्हणजे नुसत्या तांबड्या काड्या उरल्या होत्या. ते सगळ्यांनी बघितलं. बोरसेकाकांनीही बघितलं असणार. पण ते न सुटणाऱ्या कोपऱ्याकडे काठी रोखून मॅडमना म्हणाले, "बघा. तासभर झाला, हलत नाही. मजबूत होती."

आम्ही सगळे मॅडमकडे बघायला लागलो. बोलायची पाळी आता त्यांची होती.

मॅडम म्हणाल्या, "हो, बोरसेसाहेब. मजबूत होती."

बोरसेकाकांची मान खाली गेली. त्यांनी एक खुर्ची ओढून मॅडमच्या मागे ठेवली. "बसा," म्हणाले, "ऊन आहे."

दुपारकडे पंजा दुसऱ्या मजल्यावर आला. मॅडमच्या घराची बाहेरची भिंत एकदम आडवी झाली आणि आतली खोली उघडी पडली. धूळ खाली बसली तसं मला दिसलं, खोलीच्या मागच्या भिंतीवर एक कपाट होतं. लाकडाचं नव्हे. रंगवलेलं. दोन दारं, पितळी कड्या, एक दार अर्धवट उघडं आणि आत अंधार. इतकं हुबेहूब की माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, कपाट राहिलं की वर!"

"ते ह्यांनी काढलंय," मॅडम म्हणाल्या. "राहायला आलो तेव्हा घरात काहीच नव्हतं. कपडे ट्रंकेत. मी कपाटासाठी भुणभुण लावली, तर ह्यांनी रविवारी बसून भिंतीवरच रंगवून दिलं. पुढे खरं कपाट घेतलं ते त्याच्यासमोरच ठेवलं. मी विसरूनही गेले होते."

त्या हसायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, हाताने तोंड झाकून, शाळेतल्या मुलीसारखं. "मी त्यांना विचारलं, यात ठेवायचं काय? तर म्हणाले, सध्या आपल्याकडे जे नाही ते सगळं."

तेवढ्यात मशीन थांबलं. जेवणाची सुट्टी झाली. चालवणारा माणूस उतरून डबा घेऊन झाडाखाली गेला. लोक पांगले. मला बँकेत परत जायचं होतं. मॅडमना म्हटलं, चला, रिक्षापर्यंत सोडते. त्यांनी मान हलवली. "तू हो पुढे. त्याचं जेवण होईपर्यंत बसते मी."

मैदान ओलांडून रस्त्यावर आल्यावर मी मागे वळून पाहिलं. भर उन्हात, एवढ्या मोठ्या मैदानाच्या कडेला मॅडम एकट्या खुर्चीवर बसल्या होत्या. वर, हवेत उघड्या पडलेल्या भिंतीवर ते अर्धवट लोटलेल्या दाराचं कपाट होतं, आणि त्यांची नजर तिथेच लागलेली होती.